दुसरं मोठं माणूस

...आणि वर मलाच विचारतो, "मे महिन्यात तुला थंडी वाजतेच कशी गं?" वाजते कशी म्हणजे काय! आयर्लंडचा मे महिना तो! रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या स्वोर्ड्स गावच्या त्या उघड्या मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर मी, अंगात दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचं जुनं जॅकेट, समोर अकरा वर्षांखालची चौदा पोरं क्रिकेट खेळतायत, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! मग मी तिथे करते काय? बसते! कारण नियम आहे. मुलांबरोबर एकटं मोठं माणूस चालत नाही, दोन लागतात. पहिलं म्हणजे माझा नवरा उपेंद्र, कोच! आणि मी? मी आपलं दुसरं मोठं माणूस!

कोच कसा झाला ते ऐका. दोन हजार अकरा साली बंगळुरूला आयर्लंडनं इंग्लंडला हरवलं, आणि ज्यांना बॅट कुठून धरायची ते माहीत नव्हतं त्यांनीही पोरं आणून क्लबात सोडली. शिकवणार कोण? क्लबवाल्यांनी पाहिलं, हा इंडियन, म्हणजे याला येतच असणार! अहो, हा सॉफ्टवेअरवाला, शाळेच्या टीममध्ये बारावा होता... बारावा! पाणी न्यायचा! पण मी बोलले नाही. मी कशाला बोलू?

आमची लेक पूर्वी, तीही त्याच टीममध्ये. दहा वर्षांची. मॅच संपली की गाडीत बसताक्षणी झोपते. उपेंद्रला कोण कौतुक! "बघ, जीव तोडून खेळते, दमून जाते पोर." आणि झोपेपर्यंत जी दोन मिनिटं मिळतात ना, त्यात याचं सुरू... "तो कॅच सुटला कसा? हाताला तेल लावून आली होतीस? ठोंबी कुठली! तुझ्यामुळे मॅच गेली!" पोरगी झोपली की मगच याची टकळी थांबते.

तर काय सांगत होते... हां, क्लबचं पत्र! मुलांना खेळ शिकवणाऱ्या सगळ्यांनी म्हणे ट्रेनिंग घ्यायचं. मुलांशी कुणी वाईट वागू नये, त्यांना छळू नये, घालूनपाडून बोलू नये, याचं ट्रेनिंग. शनिवारी तीन तास. सर्टिफिकेट नाही तर टीम नाही. उपेंद्र असा उखडला! "मला शिकवणार? मी काय राक्षस वाटलो यांना?" त्यात पोलिसांचा फॉर्म आला, जन्मल्यापासून राहिलात ते सगळे पत्ते लिहा. सासरे बँकेत, दर तीन वर्षांनी बदली! परभणी, चिपळूण, बार्शी... जागा पुरेना, वेगळा कागद जोडला. एका घराचा पत्ता तर 'दत्तमंदिरामागे, विहिरीसमोर'! आता तो आयरिश पोलीस शोधत बसेल विहीर!

मी मात्र खुशीत गेले बरं का ट्रेनिंगला. का? सुचित्राही येणार होती. सुचित्रा म्हणजे आमच्या शेजारच्या मोहनची बायको, तिचा मुलगाही टीममध्ये. तिला थंडी वाजत नाही, तिला क्रिकेट कळतं, तिला हौस आहे! तिला सर्टिफिकेट मिळालं की बसेल ती खुर्चीवर आणि मी रविवारी दहापर्यंत झोपेन! काय मोठं मागत होते हो मी?

आणि गुरुवारी पूर्वी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणते, "आई, आय अ‍ॅम डन विथ क्रिकेट. डोन्ट टेल बाबा." का, विचारलं, तर खांदे उडवले. जी मुलगी झोपताना ग्लव्हज उशाशी ठेवायची, ती! खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी काय आलं माहितीये? चला, झोप आली हाताशी! लाज वाटते आता. तेव्हा नाही वाटली.

शिकवायला डोलोरेस नावाच्या बाई. साठीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, प्रत्येक वाक्याला "ग्रँड!" म्हणणार. म्हणाल्या, मी एकेक चिठ्ठी वाचते. 'चालतं' वाटलं तर या भिंतीला जा, 'चालत नाही' वाटलं तर त्या. पहिली चिठ्ठी : मुलांना अंगकाठीवरून नावं ठेवणं. अख्खी खोली 'चालत नाही'कडे! आणि 'चालतं'च्या भिंतीला एकटा उपेंद्र, छाती पुढे काढून! आता तो तिकडे म्हटल्यावर मीही सवयीनं त्याच्या मागे... मी आपलं दुसरं मोठं माणूस!

"ओशीनला मी भोपळ्या म्हणतो," हा सांगतोय, "प्रेमानं म्हणतो!" ओशीन म्हणजे टीममधलं गुबगुबीत पोर, त्याला वाटतं भोपळ्या म्हणजे चॅम्पियन. "मलाही आमचे सर काडी म्हणायचे. काडी, पाणी आण! काडी, बाजूला हो! बिघडलं का माझं काही?"

डोलोरेसबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "किती वर्षं झाली त्याला?"

"तीस."

"आणि अजून लक्षात आहे." एवढंच म्हणाल्या. 'ग्रँड' नाही म्हणाल्या. उपेंद्र उगाच भिंतीवरची नोटीस वाचायला लागला... फायर एक्झिटची!

मग दुसरी चिठ्ठी, तिसरी, आम्ही आपले या भिंतीवरून त्या भिंतीला. आणि शेवटी आली ती. 'मॅचनंतर गाडीतून घरी जाताना मुलाच्या चुका काढणं.' उपेंद्र बिनधास्त 'चालतं'कडे! आणि माझे पाय उचलेनात. कारण मला सगळं माहीत होतं हो! पुढच्या सीटवर मी असते, समोर तो छोटा आरसा असतो, आणि त्यात मागे झोपलेली पूर्वी दिसते. झोपलेल्या मुलाच्या पापण्या अशा थरथरतात का? हात असे घट्ट आवळलेले असतात का? आणि घरी गाडी थांबली की हीच दमलेली पोर एका उडीत जिना चढते! सोंग होतं ते. दर रविवारी वीस मिनिटं माझी पोर डोळे मिटून पडायची, बापानं बोलू नये म्हणून, आणि मी आरशात बघत बसायचे. मी कशाला बोलू? मी आपलं दुसरं मोठं माणूस!

मी गेले समोरच्या भिंतीला. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नवरा एका भिंतीला आणि मी दुसऱ्या! उपेंद्र म्हणतो, "माधवी? अगं, इकडे!" मी म्हटलं, "नाही रे. ती झोपत नाही गाडीत. सोंग घेते. तिला खेळायचंच नाहीये आता."

बरं, बोलले तेही मराठीत, म्हणजे तिथे कुणाला काही कळलं नसणार... सुचित्रा सोडून. ती रडायला लागली! उपेंद्रचं तोंड एवढंसं झालं. मला जवळ जावंसं वाटत होतं आणि वाटत नव्हतंही.

चहाच्या वेळी बाईंना सगळं सांगितलं. तर मलाच म्हणतात कशा, "दुसरं मोठं माणूस खुर्ची अडवायला नसतं, माधवी. बघायला असतं. आणि दिसलं की सांगायला."

घरी आलो. उपेंद्रनं बूटही काढले नाहीत, सरळ पूर्वीच्या खोलीत. मी दाराशी. "गाडीत मी बोलतो, ते तुला लागतं का गं?" पूर्वीनं उशी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "मैदानावर यू आर कोच, दॅट्स ग्रँड. बट इन द कार, आय वॉन्ट माय बाबा." हा माणूस, ऑफिसात दहा जणांना गप्प करणारा, पलंगाच्या कडेवर बसून घळाघळा रडला हो. म्हणाला, "चुकलो मी. मोठी चूक झाली." ती त्याच्या पाठीवर थोपटतेय, "इट्स ओके, बाबा."

मग तिनं अट घातली. खेळेन, म्हणाली, पण नियम म्हणजे नियम. मैदानावर सुचित्रामावशी चालेल. गाडीत मात्र तुझ्याबरोबर दुसरं मोठं माणूस पाहिजे. आई पाहिजे.

गेली माझी झोप!

आता काय, मैदानावर खुर्च्या दोन. सुचित्रा ड्युटीवर, आणि मी परतीच्या गाडीची वाट बघत कुडकुडत! परवाचीच गोष्ट. पूर्वीचे दोन कॅच सुटले. दोन! उपेंद्र स्टिअरिंग असं धरून बसलेला, कान लाल, शब्द नाही. शेवटी मागून तिलाच दया आली, "बाबा, यू कॅन आस्क मी वन क्वेश्चन." एकच! याचं तोंड उघडतं, मिटतं. दोन सिग्नल गेले, एअरपोर्टचं वळण गेलं... आणि म्हणतो काय, "भूक लागली का गं, बाळा?"

अशी हसली पोरगी! आणि पाच मिनिटांत झोपली, खरी झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत.

छान झालं ना? छान झालं. पण तिला बोलायचं नाही म्हटल्यावर त्याच्या पोटातलं सगळं जायचं कुठे? माझ्याकडे! "माधवी, तो दुसरा कॅच... माधवी, फील्डिंग मी जरा आत घ्यायला हवी होती..." घर येईपर्यंत! मलाही वाटतं हो, डोळे मिटून पडावं, पापण्या थरथरल्या तर थरथरू देत. पण दुसऱ्या मोठ्या माणसानं डोळे मिटायचे नसतात. तसं लिहून घेतलंय माझ्याकडून. सर्टिफिकेट आहे घरी, फ्रिजवर लावलंय.