बिनकामाची ओळ

— नाही गं, रागावले नाहीये मी, बस. एवढंच विचारतेय की प्रोग्रॅममधली ती ओळ का काढलीस. बिनकामाची वाटली? वाटणारच — पडद्यावर ‘आलो, थांब’ एवढं छापते, बाकी काही नाही. पण दवाखान्यातलं श्वासाचं मशीन सुरू होता होता अडकायचं ना, ते अडकणं त्या ओळीनेच थांबलं. कर्नलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या गाभ्यातच, दोन कामं एकाच जागेवर एकदम लिहायला धावायची — एका खुर्चीवर दोघांनी बसायला जावं तशी — आणि आपण बघायला गेलो की साळसूद. दुसरा दोष सोपा होता, माहिती ठेवायची जागा, बफर, लहान, माहिती जास्त, शेजारच्या जागेत सांडायची; तो मी जेवणाआधी मिटवला. हा मात्र हाती लागेना. मग त्याने ती ओळ घातली, गाडी कुठवर पोचते ते बघायला, आणि छापण्यात जो वेळ गेला तेवढ्यात पहिलं काम उरकलं. दोष गायब. त्याने म्हणजे माझ्या नवऱ्याने — तुला कुणी सांगितलं नसेल, तुझ्या जागेवर तोच बसायचा. घरी जेवायला हाक मारली तरी आतून हेच, आलो, थांब, आणि इकडे ताट गार. खरी दुरुस्ती राहिलीच, आणि तो गेला.

काय म्हणालीस? हो, तुझं लॉक बरोबर आहे, एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला आत सोडत नाही. माहीत आहे मला. कसं म्हणजे — मीच लिहिलं होतं की, हेच, तुझ्या आधी. तपासलंही. एकदाही अडकलं नाही. मग लावलं का नाही? लावलं असतं तर ओळ काढावी लागली असती. रोज सकाळी आल्या आल्या चाचणीचं मशीन मी बंद करून चालू करते, ते कशाला वाटलं तुला? ते शब्द येतात, मी मनात म्हणते, ये, आणि कामाला लागते. वेडी म्हण हवं तर. आज पडदा कोराच राहिला. भीती वाटली गं, तो गेला त्या सकाळी वाटली होती तशीच.

परत घालतेस? माझ्यासाठी? नको — ऐक, छापण्यात वेळ जातो, आणि तिकडे कुणीतरी श्वासासाठी ताटकळलेलं असतं. इतके दिवस मी त्यांना थांबवलं, माझ्या नवऱ्याच्या दोन शब्दांसाठी. आता लगेच सुरू होतंय ना मशीन? मग तसंच दवाखान्यात पाठव. जा आता. दार ओढून घे.