आईचं लंडनमधलं इंग्रजी

परदेशात पहिल्यांदा जाणाऱ्याला काय सल्ला द्यावा, हे मला विचारू नका बुवा. मी माझ्या आईला देऊन बसलोय.

गेल्या वर्षी आई एकटीच लंडनला ताईकडे निघाली. पहिलाच विमानप्रवास होता. बडोद्यात मांजलपूरच्या घरी आठवडाभर मी तिच्याकडून रोज घोकून घेतलं, "विमानतळावरचा साहेब विचारेल तेवढंच बोलायचं. दुसऱ्या कुणाच्या भानगडीत पडायचं नाही."

"मी कशाला पडतेय रे बाबा!" आई म्हणायची.

लंडनला पासपोर्ट तपासायच्या रांगेत तिच्यापुढे एक गुजराती आजी होत्या. साहेबाचं इंग्रजी त्यांना कळेना. त्याने त्यांना बाजूला बसायला सांगितलं, तशा त्या रडायलाच लागल्या. आईला माझा सल्ला आठवत होता, पण तिला राहवेना. पुढे होऊन तिने आजींचा हात धरला आणि म्हणाली, "बा, रडशो नहीं, हुं छुं ने." म्हणजे, रडू नका, मी आहे ना. मग साहेबाशी इंग्रजीत, आजींशी गुजरातीत असं तिने सगळं समजावून सांगितलं. आजींच्या पिशवीतून त्यांच्या मुलाचं पत्रही शोधून दिलं. दहा मिनिटांत आजींच्या पासपोर्टवर शिक्का बसला.

साहेबाने कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला भाषा तरी किती येतात?"

आई म्हणाली, "मी बडोद्याची. घरात मराठी, शेजारी गुजराती, बाजारात हिंदी. इंग्रजी तेवढं तुमच्यासाठी आणलंय."