बांगडे नावाचं भाषण

कुडाळ स्टँडवर मालवणच्या बसची रांग. संजनेच्या पुढ्यातच बाबुश आणि त्याची बायको एस्पेरांसा. बाबुशच्या हातावर लॅपटॉप उघडाच, त्यामुळे संजनेला चोरून ऐकायचेही कष्ट पडले नाहीत.

"भाच्याच्या लग्नात गलास उचलान टोस्टाचा भाषण माका करूचा आसा, नि फाईलच गावणा नाय!"

"नाव घाल नि शोध."

"घातलंय. 'बांगडे'."

"भाषणाचा नाव बांगडे?"

"ज्या दिसा जा जेवाण, ता फायलीचा नाव. माका तसाच लक्षात रवता."

"मगे?"

"ह्यो नवो कंप्युटर जगातले बांगडे दाखयता! जुन्यात कसो, शोधूक पडद्यार चित्रातलो कुत्रो येय. घरातलाच हुंगान काढी."

"अरे, त्या दिसा बांगडे खंय होते? आमचा भांडाण झाला. मी रांधूकच नाय."

"होय गो! मगे 'उपाशी' घालतंय."

"गावली?"

"गावल्यो."

"गावल्यो? किती?"

"एकवीस."

संजनेनं पदर तोंडात कोंबला.

"मगे भाषण कित्याक शोधतंस?" एस्पेरांसा म्हणाली. " ह्यो आकडोच सांग. नवऱ्याक जल्मभर कामाक येतलो."