कोऱ्या जागेवर मारलेली रेघ

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती थोरल्या सिस्टर, प्रसूती विभागातल्या माझ्या भगिनी आणि जमलेल्या सज्जनहो,

मी नोंदणी विभागातला कारकून. माझं आयुष्य कागदांपुढे गेलं, माणसांपुढे बोलायची सवय नाही. पण सिस्टर आज निवृत्त होताहेत आणि अकरा वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीची मला त्यांची माफी मागायची आहे. आज नाही, तर मग कधी?

झालं असं, की गेल्याच महिन्यात सिस्टरांच्या हातून बाळंत झालेल्या एका कवयित्रीने बाळंतपणावर कविता लिहून पाठवली. ती फ्रेम करून आजच्या सत्कारात सिस्टरांना द्यायची, म्हणून टाइप करायला माझ्याकडे आली. बघतो तर काय! ओळीत दोन-दोन शब्द, क्रियापदाचा पत्ता नाही, आणि मध्येच अर्धं पान कोरं. आता आमच्याकडे केसपेपरात कोरी जागा सोडत नाहीत. मागून कोणी काही घुसडू नये म्हणून तिरकी रेघ मारतात. हात सवयीचा गुलाम. मी रेघ मारली, वर सहीसुद्धा ठोकली! हसा, हसा, सिस्टरही पोट धरून हसल्या होत्या.

मग मला समोर बसवून म्हणाल्या, "अहो, कळा येताना कुणी लांबलचक वाक्यं बोलतं का? दोन शब्द बोललं की धाप लागते. तिने ती धापच लिहिलीय." कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि हे म्हणजे बाळ बाहेर आल्यापासून रडेपर्यंतचं. तुमच्या लेकीच्या वेळी हे दोन मिनिटांचं होतं. मी तिची पाठ चोळत होते."

मित्रहो, मला हे ठाऊकच नव्हतं. मी दाराबाहेर येरझारा घालत होतो. आणि दार उघडल्यावर लेकीचं तोंड बघायच्या आधी याच बाईंवर खेकसलो होतो, "सांगायला एवढा उशीर? आत झोपा काढत होता काय?" त्या फक्त म्हणाल्या, "मुलगी झाली, अभिनंदन." दुसरी कोणी असती तर माझी चांगली हजेरी घेतली असती.

घरी जाऊन बायकोला म्हटलं, "मला कधी बोलली नाहीस?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेव्हा मला नुसते सिस्टरांचे हात दिसत होते. आणि तुम्ही विचारलंत कधी?" मी गुपचूप समोर बसून शेंगा सोलायला लागलो.

कविता मी पुन्हा टाइप केली आहे. अर्धं पान कोरं सोडलं आहे. तिकडे बघितलं की, सिस्टर, तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर ते सभेने पोटात घालावं. त्या दिवशीचं मात्र, सिस्टर, तुम्हीच घाला. आणि तिसऱ्या रांगेत मघापासून जिची अखंड बडबड चालू आहे ना, ती आमची लेक. कृपा करून तिला कुणी गप्प करू नका.