पत्रिकेवरचं वचन

न्हाई न्हाई, आधी ते मशीन थांबवा रंगनाथभाऊ, मग चहा सांगा. निकिता उजागरेची लग्नपत्रिका हाय ना तुमच्याकडं — हां, तीच, माझी सून. माझ्याच सुनेचं लग्न हाय, असं बघू नका. माझा शमुवेल जाऊन तीन वर्षं झाली, मनमाड रोडला ट्रकनं उडवला. आता ती दुसरं करतीय. पुणतांब्याकडचा मानूस हाय, कारखान्यात कामाला, बरा हाय म्हनत्यात. माझं त्यावर काय म्हननं न्हाई. माझं म्हननं वचनावर हाय. पत्रिकेवर बायबलचं जे वचन घातलंय ना, ते काढून टाका. दुसरं कुठलंबी घाला, प्रीती सहनशील असते वगैरे सगळेच घालत्यात, ते घाला.

तिला इचारायचं कशाला? ऑर्डर तिची असंल, पन चूक ती चूक. तुमी आमच्यातले न्हाई म्हनून सांगते — ‘तुमी जाल तिथं मी येईन, तुमी ऱ्हाल तिथं मी ऱ्हाईन.’ ऐकायला गोड, व्हय ना? नवरीनं नवऱ्याला म्हनल्यावानी वाटतं? सगळ्यांना तसंच वाटतं. पन ते नवऱ्याला न्हाईच म्हनलेलं! रूथ नावाची इधवा सून हाय, ती सासूला म्हनती. नामी तिची सासू. नवरा गेला, दोनी पोरं गेली, नामी उठून आपल्या गावाला निघाली, दुसरी सून रडली आन् माघारी गेली, आन् ही रूथ काय सोडंना. सासूला म्हनलेलं वचन उचलायचं आन् नव्या नवऱ्याच्या गळ्यात घालायचं — हे काय वाचनं झालं?

ह्यानंच माझं डोकं फिरतं बगा. दर बुधवारी माझ्या घरी बायकांचा शास्त्राभ्यास असतो. असतो म्हनजे, मी चटई टाकून बसते. शेजारची ज्योती येती ती चहापुरती. नव्या वर्षाला देवळात, आमच्या चर्चात, टोपलीतून वचनाची चिठ्ठी काढायची, फ्रीजला चिकटवायची, झाला ह्यांचा वर्षाचा अभ्यास. ज्योतीला एकदा ‘हा देश मी तुला देईन’ निघालं, तर बया बायपासला प्लॉट बघत फिरली. म्हनलं, अगं ते कुनाला म्हनलंय, कधी म्हनलंय, त्याच्या आधी काय झालं, पुढं काय झालं — जरा उघडून बघ की! वचन म्हनजे काय जत्रेतली चिठ्ठी हाय का? तुकडा तोडून खाल्ला तर पोट भरतं व्हय? वर्षानुवर्षं देवळात बसत्यात आन् जिथल्या तिथंच. रागीट ती रागीटच, चुगलखोर ती चुगलखोरच. वाढायचं कशानं?

एक निकिता तेवढी शिकली. पोर होस्टेलात वाढलेली, आई न्हाई बाप न्हाई, लग्न होऊन आली तवा बायबल नुसतं उशाला ठेवायची. मी तिला ओळीवर बोट ठिवून वाचायला लावलं. प्रश्न लई इचारायची. शमू गेल्यावर तर आमी दोघीच बसायचो, बायबलातलं रूथचं पुस्तकच काढलं हुतं मी. वचन वाचलं का मी थांबायची, ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं… आन् तीच आता असं करती! हिला ठावं न्हाई असं म्हनूच नका, हिला सगळं ठावं हाय. म्हनून तर लागलं मला.

परवा म्हनती, आई तुम्हीपण चला पुणतांब्याला. तुमची खाट खिडकीपाशी टाकू. मी म्हनलं, सासूला काय आंदनात नेत असत्यात का? ते तसं बोलायला नको हुतं. जाऊ द्या.

काय म्हनता? पुढं काय झालं? कुठं पुढं — हां, त्या रूथचं. पुढं… पुढचं आमी घेतलं न्हाई. चार अध्याय हायेत, पहिल्यावरच ऱ्हायलो आमी. दोन वर्षं झाली असतील. निकिता म्हनायची, आई, आता दुसरा घेऊ की. मी म्हनायची, घाई काय हाय, पहिला पक्का होऊ दे. तसं मला पाठ हाय पुढचं. पुढं ती शेतात सरवा, कापनीत पडलेली कणसं, येचायला जाती, तिथं बवाज भेटतो, भला मानूस. मग नामीच तिला म्हनती, पोरी, तुझं घर मांडून द्यायला नको का मी? न्हाऊन घे, चांगलं लुगडं नेस, म्हनती. व्हय. सासूच म्हनती. सासूच लावून देती.

पंखा बंद हाय का वो तुमचा?

स्क्रीन कशाला हिकडं फिरवताय, बघितलीय मी पत्रिका. म्हनजे, वचन बघितलंय. तिनं मोबाईल पुढं केला, बोटानं मोठं केलं, ती एक ओळ दिसली आन् मी म्हनलं, बास, ठेव. आता अख्खी पत्रिका काय वाचायची? …बरं, दाखवा. चष्मा लावते. वर क्रूस, मग दोघांची नावं, तारीख, देऊळ… इथं तर वचन न्हाईच. नावांच्या खाली न्हाई. मग कुठं — अजून खाली घ्या. जेवन, पत्ता. अजून खाली.

‘निमंत्रक: श्रीमती मार्था उजागरे. वधूची आई.’

आन् त्याच्याखाली वचन.

माझ्या नावाखाली.

…

न्हाई, पानी नको. काय बदलू नका. अक्षर बारीक हाय म्हनता? असू द्या, मला दिसलं. छापा तुमी. मी बसते इथं बाकड्यावर, पहिली पत्रिका वाळली का द्या माझ्या हातात. आन् रंगनाथभाऊ, तवर माझ्याशी बोलू नका.