सहा-सात

नाही हो ताताय, टेकत नाहीये भिंतीला, नुसती पाठ लागली — पोतं पंचवीस किलोचं आहे, तांदूळ भरलाय त्यात, कापूस नाही — आणि तुम्ही स्टुलावर बसून मला बोट दाखवू नका, बसलेल्या माणसाला तो अधिकार नसतो. सकाळी सहापासून उभा आहे मी. व्हॅनमध्येसुद्धा बसू दिलं नाहीत, अख्खं मनिला मान मोडून उभ्यानं पार केलं, प्रत्येक खड्ड्याला डोकं छतावर — तेवढंच दबलं तर दबलं. चार वाजता हे दार उघडणार, बास्केटबॉल लीगचा डॉक्टर माझी उंची मोजणार. बाहेरून आणलेल्या खेळाडूला मर्यादा सहा फूट पाच. त्याच्यावर केसभर जरी भरलो तरी उद्याच्या विमानात. दिवसभर ओझं घेऊन उभं राहिलं की मणका दबतो, हे टीम चालवणाऱ्या बॉस जोमारना कुणी सांगितलं? तुम्हीच ना? हसू नका. तीस वर्षं या टीमचे टॉवेल धुताय, किती अमेरिकन दाबलेत या एका पोत्याखाली? बरं, पाणी तरी द्या. — पाणी नाही? पाण्यानं काय उंची वाढते? ठीक आहे, नका देऊ.

आणि हे सगळं कुणामुळे? माझ्या बापामुळे. व्हिडिओ पाहिलात ना तुम्ही? अख्ख्या फिलिपीन्सनं पाहिला, तुमच्या नातवानंच दाखवला असेल. क्लेमी प्रुइट, पाइन ब्लफ, आर्कान्सा — टायरच्या दुकानात खुर्ची टाकून बसलाय, हातात सोडा, आणि म्हणतो काय, 'तिकडची माणसं आखूड, त्यांच्या मोजपट्ट्याही आखूड. माझा लव्हाँटे पुरता सहा-सात आहे. मीच त्याला सांगितलं, गुडघे वाकव, त्यांना काय कळतंय!' आणि मग हसला. मांडीवर थाप मारून हसला. झालं. त्या साबण कंपनीच्या टीमनं तो व्हिडिओ लीगच्या टेबलावर ठेवला, म्हणाले, फेरमोजणी करा. करणारच! त्यांचं काय चुकलं? गेल्या शनिवारी मी रिंगवरून उसळलेले सतरा रिबाउंड त्यांच्या हातातून काढलेत.

सकाळी फोन केला मी बापाला. म्हटलं, पप्पा, एक ओळ बोला, 'चुकून बोललो, माझा मुलगा सहा-पाच आहे'. एवढंच. तर म्हणतो, 'मी? माझ्या तोंडानं? माझ्या पोराला आखूड म्हणू?' म्हटलं, नाही म्हणालात तर पोरगा घरी येईल. तर म्हणतो, 'ताठ उभा राहा.' ताताय, हसू येतं — मी हे पोतं घेऊन वाकलेला, आणि तो तिकडनं सांगतो ताठ उभा राहा! — आणि राहिलो. आपोआप. तुम्ही ओरडलात ना तेव्हा माझ्यावर? तेव्हाच.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट होती आमच्याकडे. दर पहिल्या तारखेला मला तिथं उभं करायचा. पायाखाली जाड गालिचा, डोक्यावर जाड पुस्तक, आणि पेन्सिल — मी पाहायचो ना, पेन्सिल वर तिरपी धरायचा. अंगणात लोखंडी दांडा होता, जेवण झालं की घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून लटकायचं. नऊ वर्षांचा होतो. आई काय करायची? आई मला दोन मापं मोठे कपडे आणायची. म्हणायची, अंगाला येतील. ते आले नाहीत. तुम्हा मोठ्या माणसांची एक गंमत आहे, ताताय, तुम्ही आम्हाला जे ठरवता ते आम्ही झालो नाही की आमचंच माप चुकतं.

शाळेत लिहिलं सहा-सात, बापानं सांगितलं म्हणून. कॉलेजच्या कोचनं मला दारातून आत येताना पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. छापलं सहा-सात. कार्यक्रमपत्रिकेत बरं दिसतं. आणि दोन वर्षं बाकावर बसवलं — कारण खऱ्या सहा-सातवाल्यांच्या समोर मी उडी मारली की बॉल त्यांच्या हातात. मग बापच म्हणाला, सोड कॉलेज, परदेशात तुझ्यासारख्यांना देव मानतात. सोडलं. हंगेरीला गेलो. विमानतळावर तिथला मॅनेजर आला होता, माझ्याशी हात मिळवला, आणि माझ्या मागे बघत राहिला. मला वाटलं, बॅग शोधतोय. बॅग नव्हता शोधत. दुसरा कुणी उंच उतरतोय का ते बघत होता! चार महिन्यांत परत पाठवलं. आता इथं. इथून पुढं काही नाही, ताताय. कुठल्या देशाचा फोन येणार नाही. इथून घरी, बापाच्या दुकानात, त्याच्या खुर्चीसमोर, टायर फिरवत — आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार, हा माझा सहा-सात.

काय? पहिल्यांदा मोजलं तेव्हा काय केलं? — तुम्हाला माहीत नाही? तुम्ही तर होता. हं, दाराबाहेर होता. कुणी मोजलंच नाही. बॉस जोमार कागद वाचून आधीच खूश होते, सहा-सातवाला मिळालाय म्हणून. मला म्हणाले, गुडघे वाकव. वाकवले. डॉक्टर तिकडं बघून नूडल्स खात होता, बॉसनी सांगितलं ते त्यानं लिहिलं — सहा-पावणेपाच. नंतर बॉसनी मला डोळा मारला. अख्ख्या लीगला फसवल्याचा आनंद होता त्यांना. मीही मारला डोळा. काय करणार?

मी किती उंच आहे? विचारा ना, विचारा, नुसते बघू नका. तेवीस वर्षांचा झालो आणि मला माहीत नाही. मला वाटतं सहा-सहा. कधी वाटतं — जाऊ द्या. एकदा हंगेरीत दुकानातून टेप आणली होती. पॅकेट फोडलं नाही. तिथंच खोलीत राहिली.

उघडलं. दार उघडलं — घ्या, पोतं घ्या, हळू, खांदा गेलाय माझा. तुम्हीही आत चला. चला हो, एकट्यानं नाही जाणार मी.

हे काय, झोपायचं? टेबलावर? उभं नाही मोजणार? — बरोबर आहे, व्हिडिओत 'गुडघे वाकव' म्हणालाय ना माझा बाप. छान. आता वाकवायलाही जागा नाही. टाचा त्या फळीला, डोकं या फळीला. बॉस कोपऱ्यात उभे आहेत, ताताय, दिसतायत ना? ओठ हलतायत त्यांचे, प्रार्थना चाललीय. साबणवाला वकील घेऊन आलाय. — गुडघे कुणीतरी धरा म्हणतोय डॉक्टर. तुम्ही धरा. तुमच्याशिवाय आहे कोण माझं इथं? — काय करताय, नुसता हात काय ठेवलाय? मला वाचवू नका. सगळ्यांनी वाचवूनच ही वेळ आणलीय. दाबा. अजून दाबा. तुम्हाला ताताय म्हणतात ना सगळे, म्हणजे बापच ना? मग एका तरी बापानं मला सरळ मोजू दे.

किती?

मोठ्यानं वाचा, डॉक्टर. — काय? परत. — सहा-साडेतीन?

साडेतीन. — साबणवाला हसतोय. हसू दे. मी पास झालो, ताताय! पोतं नको होतं. दिवसभर उगाच — माझा बाप सहा-चार आहे. त्याच्या लष्कराच्या कागदावर लिहिलंय. म्हणजे त्या चौकटीत मी कधी त्याच्याही वर गेलो — कधीच नाही. त्याला ठाऊक असणार. शेजारी उभा राहायचा ना तो.

पास झालो ना पण? मग बॉस असे का बघतायत? अहो बॉस, मी नियमात बसतो, खराखुरा बसतो, आता कुणाला डोळा मारायला नको — बाहेर का गेले ते? फोन कानाला लावून गेले. कुणाला लावला? ताताय, तुम्हाला ऐकू आलं, तुमची बाजू दाराकडे आहे. काय म्हणाले? सांगा ना.

'दीड इंच वाया गेला.' असं म्हणाले? 'सहा-पाचचा कुणी रिकामा आहे का' — असं?

सतरा रिबाउंड काढले मी.

माझा फोन वाजतोय, काढून ठेवलेल्या पँटच्या खिशात, त्या खुर्चीवर. बापच असणार. नका देऊ. वाजू दे.

गुडघे सोडा आता, ताताय. मोजून झालंय. सोडा ना.