चिठ्ठीवरची कंबर

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकाच्या एका टोकाला ट्रकड्रायव्हर अवघडून बसला होता. शेजारी नुकताच तपासून आलेला गवंडी आणि त्याचा मेहुणा बोलत होते. ड्रायव्हरचे कान तिकडेच होते.

“दाजी, कंबर बघायला एवढा वेळ?”

“कंबर कसली डोंबलाची! परांचीवरून घसरलो आणि दोन्हीकडे पाय टाकून आडव्या पाइपावर आदळलो.”

“अरे देवा! मग चिठ्ठीवर कंबर कशाला?”

“लाज वाटली. पण डॉक्टरीणबाईंनी मला नुसतं बसताना पाहिलं. म्हणाल्या, कंबर दुखणारा माणूस असा टेकत नाही. खरं कुठे लागलंय?”

“बाईमाणसासमोर? मी तर तिथेच मेलो असतो.”

“मीही अर्धा मेलोच होतो. त्यात त्यांनी यंत्र लावलं ते चांगल्या बाजूला. म्हटलं, बाई, लागलंय पलीकडे. तर म्हणाल्या, आधी धड बाजू बघू दे, त्याशिवाय बिघडलेली कशी कळणार?”

“म्हणजे तुम्ही भेग शोधताना आधी धड भिंत ठोकून बघता, तसंच!”

“अगदी तसंच! बाई आपल्यातली निघाली रे. तिथेच लाज पळाली.”

“मग काय निघालं?”

“उजव्या अंडाचं वेष्टन फाटलंय. आजच टाके घातले तर वाचेल म्हणाल्या. कंबर धरून आठवडाभर घरी बसलो असतो, तर गेलंच होतं.”

“आणि ताई काल तुमच्या कंबरेला बाम चोळत होती!”

“कंबरेला बरं वाटलं हो.”

ड्रायव्हर उठला. पाय फाकवत नोंदणीच्या खिडकीपाशी गेला आणि हातातली चिठ्ठी आत सरकवली.

“ताई, यावर पोट लिहिलंय. तेवढं खोडा.”